वीस मिनिटांचा फोटो स्टॉप

१२ जानेवारी २०२५
पर्वत पाटिया, सुरत

कुंदन,

वर ‘प्रिय’ लिहिणार होते, मग म्हटलं राहू दे. खोटं लिहिण्याचा मला पगार मिळतो, घरच्या माणसाला फुकटात कशाला लिहू.

तुझा पत्ता मिळाला. कडोदऱ्याच्या डाइंग मिलमध्ये आप्पांच्या पाळीला असायचे ते भगवानकाका आठवतात ना? त्यांचा बारडोलीचा भाचा तुझ्याच भागात शेतावर कामाला आहे. तिकडच्या गुरुद्वाऱ्यात रविवारच्या लंगरला तू त्याला भेटलास. सुरतचा म्हटल्यावर अहिराणीत चार शब्द बोललास आणि मग ताट उचलून दुसऱ्या पंगतीत जाऊन बसलास, असं त्यानं सांगितलं. पत्ता त्यानं तुझ्या खोलीवरच्या सरदारजींकडून काढला. त्याच्यावर चिडू नकोस. चिडायचंच असेल तर मी आहे, मला सवय आहे.

दोन वर्षं पाच महिने तुझा नंबर बंद आहे. भाचा म्हणाला, जिवंत आहे, बारीक झालाय, टोपी घालतो. एवढंच. माय ते एवढंच रोज सकाळी मला परत सांगायला लावते.

आता कामाचं. साखरेनं मायचे डोळे धरलेत. उजवा दिवाळीतच गेला. डाव्याच्या पडद्यावरच्या शिरा फुटायला लागल्यात, इंजेक्शनं चालू आहेत. डॉक्टर म्हणाले, सहा महिने धरून चाला, त्यापुढचं मी सांगू शकत नाही. बरा होईल का, हे मायनं विचारलंच नाही. इटलीला जायला किती दिवस लागतात, हे विचारलं. डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, विमानानं एक दिवस.

तिला तुझा चेहरा बघायचाय, डोळा आहे तोवर. दुसरं काही मागत नाही. तू इकडे आलास तर परत जाता येणार नाही आणि कागद नसताना निघणार कसा, हे मी तिला समजावलं. ती म्हणाली, मग मी जाते. जणू काही नंदुरबारला निघालीये.

मी अजून त्याच ट्रॅव्हल ऑफिसात आहे. साडीवाल्या व्यापाऱ्यांच्या कुटुंबांच्या सहली आखते. भूमध्य समुद्राच्या काठच्या कुठल्या हॉटेलात खिडकीतून समुद्र दिसतो आणि कुठल्यात नुसता आवाज येतो, हे मी इथं पंख्याखाली बसून छातीठोक सांगते. मी स्वतः डुमसच्या पुढचा समुद्र पाहिलेला नाही. दिवसवार कार्यक्रम लिहिला की आमचे शेठ वाचतात आणि म्हणतात, “वर्षाबेन, थोडो तडको नाखो.” म्हणजे जरा ऊन टाका. मग मी प्रत्येक दिवसाखाली एक ओळ घालते, सोनेरी किरणं, हसरा किनारा, असलं काहीतरी. त्यात माझा हातखंडा आहे.

राखीभाभी माहीत असेलच, जिच्याकडे माय अकरा वर्षं फुलके करायला जाते. तिच्या सासऱ्यांची, शेठजींची, साठी आहे. चौदा माणसं मे अखेरीस दहा दिवस समुद्रकाठी जाणार आहेत, बंगला भाड्यानं घेऊन. ती फाइल माझ्या टेबलावर आली आहे. त्यांच्या दादीसा, म्हणजे आजी, घराबाहेरच्या हातचं खात नाहीत, म्हणून हे लोक आपली स्वयंपाकीण बरोबर नेतात. ती कोण असणार हे वेगळं सांगायला नको.

उत्तर दे. नाही दिलंस तरी मी लिहीन.

वर्षा

१६ फेब्रुवारी २०२५

कुंदन,

पत्र पोहोचल्याचं टपालाच्या साइटवर दिसतं. कुणीतरी सही केलेली आहे. सरदारजींची असो की तुझी, पत्र तुझ्या उशापर्यंत गेलं असं मी धरून चालते.

राखीभाभीला फ्रान्सचा किनारा हवा होता. तिच्या जावेच्या माहेरचे लोक मागच्या वर्षी नीसला जाऊन आले, त्यांचे फोटो हिच्या डोळ्यांत खुपतायत. मला त्यांना तिथून उचलून तुझ्या गावाजवळ आणून ठेवायचं होतं, आणि कुणाला न कळता. एक महिना लागला. नीसचा किनारा गोट्यांचा आहे, हे खरंच आहे, ते मी पहिल्यांदा सांगितलं. दादीसांचे गुडघे, गोटे, आणि दहा दिवस. भाभी विचारात पडली. मग म्हटलं, रोमच्या खाली दोन तासांवर वाळूचा किनारा आहे, गर्दी नाही. तरी ती जरा नाराजच होती. शेवटी मी हुकमाचं पान टाकलं. म्हटलं, भाभी, तिथं ताजी भेंडी मिळते, कोथिंबीर मिळते, मेथी मिळते, फुलक्यांचा आटासुद्धा मिळतो. हे ऐकल्यावर दादीसांनीच निकाल दिला. इटलीत भेंडी कशी काय, असं कुणीच विचारलं नाही. ती कोण लावतं आणि कोण तोडतं, हेही नाही.

बंगला तुझ्या गावापासून अकरा किलोमीटरवर घेतला आहे. नकाशात बघून बघून मला त्या रस्त्याची वळणं पाठ झालीत. शेतांवरची प्लास्टिकची छपरं वरून पांढरी दिसतात. त्यातलं तुझं कुठलं हे मला कळत नाही, पण माय विचारते तेव्हा मी एकावर बोट ठेवते.

आता नीट वाच. १ जूनला रविवार आहे, तुझी सुट्टी असेल. किनाऱ्याच्या टोकाला दगडी बुरूज आहे, चौकोनी, खाली उतरायला पायऱ्या आहेत. तिथं संध्याकाळी सहाला मी ‘फोटो स्टॉप, वीस मिनिटं’ असं टाकलंय. आपल्याकडच्या लोकांना फोटो स्टॉप लिहून दिला की ते तिथं उतरतातच. नाही उतरले तर पैसे बुडाल्यासारखं वाटतं त्यांना. माय त्यांच्याबरोबर असेल, थर्मास आणि नाश्त्याचे डबे घेऊन. ती पायऱ्यांपाशी थांबेल. तू फक्त ये. काही आणू नकोस, पाया पडू नकोस, रडू नकोस, लोक बघतील. तिच्या डाव्या बाजूला उभा राहा, उजवीकडून तिला दिसत नाही.

वीस मिनिटं आहेत. मला याहून जास्त लिहिता आली नाहीत. जास्त लिहिली असती तर शेठनी खोडली असती.

वर्षा

२३ मार्च २०२५

कुंदन,

उत्तर नाही. ठीक.

मायची फाइल केली. फोटो काढताना तिला डोळे उघडे ठेवा म्हणाले, तर ती म्हणाली, उघडेच आहेत. पासपोर्ट आला. त्यावर अंगठा न देता तिनं सही केली आहे, सरला निंबा पाटील, दोन महिने गिरवून. आप्पा असते तर चेष्टा केली असती.

व्हिसासाठी कुटुंबाच्या माहितीचा कागद मी भरला. पती मयत. एक मुलगी, अविवाहित, नोकरी करते. बस. तुझं नाव घातलं असतं तर पुढचा प्रश्न आलाच असता, मुलगा कुठे. सात दिवसांच्या सहलीला म्हणून गेलेला मुलगा साडेसहा वर्षं तिकडेच आहे म्हटल्यावर त्याच्या आईला कोण जाऊ देईल? म्हणून तू नाहीस. रेशन कार्डावर तसाही नव्हतास.

ती सात दिवसांची सहल मीच लिहिली होती, हे मी विसरलेले नाही. तू विसरला असशील असंही नाही. माझी ती पहिली फाइल. रोम, नेपल्स, मग किनारा, सहा रात्री, सात दिवस. ‘निळ्याशार पाण्यात पाय सोडून निवांत सायंकाळ’ असं चौथ्या दिवसाखाली लिहिलं होतं. एजंट म्हणाला होता, हॉटेलात नोकरी आहे, उतरल्याबरोबर माणूस न्यायला येईल. त्याची खातरजमा मी केली नाही. फाइल इतकी देखणी झाली होती की मलाच ती खरी वाटायला लागली होती. आप्पा नको म्हणत होते. ते म्हणत, लूमवर बसेल, बोटं जातील पण घरी तर राहील. मी म्हटलं, आप्पा, तुमच्यासारखं रंगात हात घालून जन्म काढू द्यायचा का त्याला. त्यांनी आपल्या हातांकडे पाहिलं. ते तुला मी कधी सांगितलं नव्हतं.

आता रोज ऑफिसमधून आले की मायची मुलाखतीची तयारी करून घेते. मी साहेब होते, ती समोर खाटेवर बसते. कुठं जाणार? शेठजींबरोबर. किती दिवस? दहा. काय करणार? फुलके, डाळ, खिचडी. परत येणार का? “आठेच तं घर शे, कोठे जासू?” हे सगळं ती झकास सांगते. मुलं किती, असं विचारलं की गॅसवर काहीतरी उतू जातं आणि ती उठते. गॅस बंद असला तरी उतू जातं. मी तिला दामटून म्हटलं, नुसतं ‘एक’ म्हण, एवढंच. ती म्हणाली, तठे गयावर म्हनसू.

तिथं गेल्यावर म्हणेल. माझा विश्वास आहे, म्हणजे ठेवावाच लागेल.

वर्षा

१३ एप्रिल २०२५

कुंदन,

चौदा जणांचे व्हिसा लागले. मायला २८ तारखेला मुंबईला मुलाखतीला बोलावलंय. एकटीलाच. एवढी घाबरलेली मी याआधी कधी नव्हते.

तू येशील की नाही हे मला कळत नाहीये, आणि न येण्याचं कारण माय नसणार, मी असणार. म्हणून जे लिहायचं टाळत होते ते लिहिते.

आप्पा गेले त्या दिवशी तुझा फोन आला होता, कुणाच्या तरी नंबरवरून. ऑगस्टमधली दुपार होती. आप्पांना अजून नेलं नव्हतं, अंगणात माणसं होती, बांबू आले होते. सगळे विचारत होते, मुलगा कुठे, अग्नी कोण देणार. तू रडत होतास. ताई, मला पडद्यावर तरी दाखव, म्हणालास. मी काय म्हटलं ते तुला पाठ असेल. मी म्हटलं, आमच्या लेखी तू मेलास, पुन्हा फोन करू नकोस. आणि फोन ठेवला. अग्नी मीच दिला.

मायला मी सांगितलं की कुंदनचा फोन आला नाही. तिनं त्या दिवशी चार वेळा विचारलं. चारही वेळा मी नाही म्हटलं. त्यानंतर तुझा नंबर बंद झाला, आणि तेव्हापासून तिला वाटतं की बाप गेल्यावरही पोरानं साधी चौकशी केली नाही. तरी ती तुला दोष देत नाही. म्हणते, काम सोडता येत नसेल. मला ते ऐकवत नाही.

आणखी एक आहे. त्याच्या पुढच्या वर्षीच्या आखाजीला आप्पांची घागर भरायची होती. तुला माहीतच आहे, गेलेल्यांच्या नावानं पाण्याची घागर भरायची, वर खरबूज ठेवायचं, पाया पडायचं. मी बाजारातून एकाऐवजी दोन घागरी आणल्या. दुसरी तुझ्या नावानं भरली. कुणी सांगितलं नव्हतं. रागानं भरली. तू नाहीस हे एकदा पक्कं झालं की बरं वाटेल असं वाटलं होतं. माय पुरण वाटता वाटता बाहेर आली. दोन घागरी बघितल्या, काय ते तिला कळलं. तिनं ती घागर उचलून मोरीत उपडी केली, फोडली आणि खापरं भरून रस्त्यापलीकडे टाकून आली. “जित्ता पोऱ्यानी घागर भरतस का?” एवढंच म्हणाली. मग तीन आठवडे माझ्याशी बोलली नाही. माझा डबा मात्र रोज भरत होती.

तू रागावलेला आहेस, तर राहा. तो राग रास्त आहे, मी तुझी माफी मागत नाही. पण तिनं तुला मेलेल्यांत एक दिवसही घातलेलं नाही. ते मी केलं. माझ्यावरचा राग तिच्यावर काढू नकोस. १ जून, बुरूज, सहा वाजता.

वर्षा

३ मे २०२५
(हे पत्र मी टाकणार नाहीये. लिहून ठेवते.)

कुंदन,

मायला व्हिसा नाकारला.

मी बाहेर फुटपाथवर उभी होते. ती पाऊण तासानं आली, पदर नीट करत. चेहऱ्यावर काही नव्हतं. शेजारच्या टपरीवर पाणी पाजलं तेव्हा बोलायला लागली. आत एक साहेब आणि एक मराठी बोलणारी बाई होती. साहेबानं फुलके कसे करतात ते विचारलं. मायनं हातानं करून दाखवलं, तो हसला. परत येणार का, विचारलं. तेही तिनं घोकल्याप्रमाणे सांगितलं. मग बाईनं विचारलं, आजी, मुलं किती?

माय म्हणाली, “दोन लेकरं शेतस. पोर आठे शे, पोऱ्या तुमना देशमा शे.”

बाईनं तिला दुसऱ्यांदा संधी दिली. ती माणूस म्हणून चांगली असावी. म्हणाली, आजी, कागदावर एकच मूल लिहिलंय, नीट आठवा. त्यावर माय म्हणाली, “कागद मनी पोरनी लिखेल शे. लेकरं मी जलमले घालेल शेतस.”

मुलगा कुठं राहतो, पत्ता काय, असं विचारलं तेव्हा मात्र ती म्हणाली, मला वाचता येत नाही. तेवढी हुशारी तिच्यात होती. तुझ्या नावाला धक्का लागेल असं एक अक्षर तिनं दिलं नाही. फक्त तू नाहीस असं म्हणायला ती तयार झाली नाही.

मी चिडले. रस्त्यावर, माणसांत, तिला बोलले. म्हटलं, तीन महिने मी काय करत होते, एक शब्द होता, एकच शब्द, तुला तो बघायचा होता ना? ती शांतपणे म्हणाली, बघायचाय म्हणून तर. “जित्ता पोऱ्याले मी नही कशी म्हनू? नही म्हनीसन त्याना पुढे उभी ऱ्हासू का?”

मी पाण्याचे पैसे दिले आणि तिला स्टेशनकडे नेलं.

परतीच्या गाडीत, वापीच्या आसपास, मी तिला तुझ्या फोनचं सांगितलं. का सांगितलं माहीत नाही. तिनं खरं बोलून सगळं घालवलं होतं आणि मी शेजारी बसून तिला आणखी फसवत होते, ते सहन झालं नाही. तिनं फक्त विचारलं, रडत होता का. मी हो म्हटलं. मग ती सुरतेपर्यंत खिडकीकडे तोंड करून बसली. तिला खिडकीबाहेरचं धड काही दिसत नव्हतं, हे मला माहीत होतं.

आखाजी दोन दिवसांनी आली. तिनं आप्पांची घागर एकटीनं भरली. मला जवळ येऊ दिलं नाही.

राखीभाभीला कळलं. मुलगा तिकडे आहे हे साडेसहा वर्षांत सांगितलं नाही, म्हणून ती दुखावली, पण बोलली नाही फार. त्यांनी जोधपूरचा महाराज, म्हणजे आचारी, ठरवला. सहल आहे तशीच आहे. नीसला परत नेणं आता शक्य नव्हतं, बंगल्याचे पैसे भरून झाले होते.

आणि हे पत्र मी टाकत नाहीये, ते अशासाठी. माय येत नाही हे तुला कळलं तर तू बुरजाशी कशाला येशील? आणि तू तिथं यावास असं मला वाटतं. फोटो स्टॉप आहे, वीस मिनिटं. भाभी प्रत्येक ठिकाणचे फोटो मला पाठवते, ऑफिसच्या पेजवर टाकायला. एखाद्यात तू मागं येशील. डोळा आहे तोवर माय तुला तेवढा तरी बघेल. तू तिची वाट बघत उभा राहशील आणि ती येणार नाही, हे मला कळतंय. कळूनही मी हे करतेय.

वर्षा

८ जून २०२५

कुंदन,

या पाकिटात दोन पत्रं आहेत. आधी ३ मेचं वाच, मग हे.

२१ मेला मायचा डावा डोळाही गेला. भाकरी थापत होती, थांबली आणि म्हणाली, लाइट गेली का. लाइट होती. पडद्यात रक्त उतरलंय, ऑपरेशन करूनही फारसं हाती लागणार नाही म्हणतात. आता तिला उजेड कळतो, दारात कुणी उभं राहिलं तर काळं कळतं. ती रडली नाही. तवा उतरवून ठेवला, हात धुतले आणि मला विचारलं, एक तारखेला किती दिवस राहिले. फोटोचं मी तिला सांगून ठेवलं होतं.

म्हणजे फोटोसाठी सगळा खटाटोप केला आणि फोटो बघायला डोळा उरला नाही. तरी मी तुला कळवलं नाही. एवढं पुढं गेल्यावर मागं कसं फिरायचं ते मला कळत नाही.

सोमवारी, २ तारखेला सकाळी भाभीचे फोटो आले. एकेचाळीस. समुद्र, महाराज, दादीसा खुर्चीत, शेठजींचा केक. बुरजापाशी सहा काढले होते. सगळे पांढऱ्या टोप्या घालून ओळीत उभे आहेत. चौथ्या फोटोत मागं, पायऱ्यांच्या डाव्या अंगाला, एक माणूस आहे. टोपी, निळा शर्ट, एका हातात कापडी पिशवी. दुसरा हात कपाळावर आडवा धरून तो या लोकांकडे बघतोय. चेहरा मोहरीएवढा आहे. मोठा करायला गेलं की चेहरा जातो आणि नुसते चौकोन राहतात. पाचव्या फोटोतही तो तिथंच आहे. सहाव्यात नाही.

मला कळलं नाही तो तू आहेस की कोण. साडेसहा वर्षं झाली. मी तुझी सख्खी बहीण आहे आणि मला कळलं नाही.

माय खाटेवर बसली होती. मोबाइल वाजल्यावरच तिनं मान वर केली होती. मी तिच्याजवळ जाऊन बसले. तिनं माझं मनगट धरलं.

“शे का?”

मी हो म्हटलं.

बारीक झालाय का, तिनं विचारलं. म्हटलं, थोडा. टोपी? आहे. कपडे? स्वच्छ आहेत, निळा शर्ट आहे, हातात पिशवी आहे. काहीतरी आणलं असेल तुझ्यासाठी, म्हटलं. ती प्रत्येक गोष्टीला मान हलवत होती, जणू आतमध्ये कुठंतरी एकेक वस्तू जागेवर लावत होती. तिचा हात गरम होता. त्या हातासाठी मी काय वाटेल ते बोलले असते. तिथंच थांबायला हवं होतं. पण एवढी वर्षं प्रत्येक दिवसाखाली ऊन टाकत आले, हात आवरला नाही. म्हटलं, माय, तो हसतोय.

तिनं माझं मनगट सोडलं.

“मंग तो कुंदन नही,” ती म्हणाली. “मी तठे नही, तो कसाले हासी?”

मी म्हटलं, माय, चुकलं माझं, चेहरा नीट दिसत नाहीये. तिनं ऐकून घेतलं. मग भिंतीचा आधार घेत ती मोरीकडे गेली आणि तांदूळ धुवायला बसली. तेव्हापासून तिनं त्या फोटोविषयी एकदाही विचारलेलं नाही. मी काही सांगायला गेले की म्हणते, राहू दे, तुला थकवा आलाय. मी आता तिला दिवस कुठला आहे हे सांगितलं तरी ती शेजारच्या धनश्रीला हाक मारून खात्री करून घेते.

म्हणून तुला विचारते. तो तू होतास का, एवढं लिही. माझ्यासाठी नको, तिच्या नावानं लिही, मी धनश्रीला वाचायला लावीन. नसलास तर नाही म्हणून लिही, तेही ती ऐकेल.

आणि असलास, तर त्या चौदा टोप्यांत तू तिला शोधलं असशील. फुलके करणारी बाई कुठली म्हणून त्या महाराजाकडे बघितलं असशील, आणि मग वीस मिनिटांनी ते लोक गाडीत बसून निघून गेले असतील. ताईनं पुन्हा फसवलं, असं म्हणाला असशील, आणि ते खरं आहे. पण मायला यायचं नव्हतं असं समजू नकोस. एक शब्द खोटं बोलली असती तर त्या पायऱ्यांपाशी ती तुझ्यासमोर उभी असती, आणि डोळा नसला तरी हातानं तुझा चेहरा बघितला असता. ‘तू नाहीस’ हा शब्द मी आजवर तीनदा बोलले आहे, फोनवर, आखाजीला आणि कागदावर. तिला एकदाही जमला नाही.

वर्षा